साडेदहाची मोटार आणि अण्णांचा वाडा

(पडद्यावर: रात्रीची द्राक्षबाग. लांब शेडवर एकच बल्ब.)

हे माझ्या मामाचं गाव. निफाड तालुका, गोदाकाठ. तो बल्ब दिसतोय ना, तो मोटारीच्या शेडचा. इकडे शेतीची थ्री फेज लाईट एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री अशी येते, त्यामुळे रात्रपाळीच्या आठवड्यात घरातला एक माणूस तरी जागाच असतो, जेवण झालं तरी अंथरुणावर पडत नाही, लाईट आली की बागेला पाणी सोडायला जायचं असतं. आणि 2019 च्या जानेवारीत, निफाडच्या त्या हाडं गोठवणाऱ्या थंडीत, मामा आणि आजी गोधड्या पांघरून टीव्हीसमोर बसलेले असायचे, साडेदहा वाजले की झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ ही कोकणातल्या वाड्यातली भीतीदायक मालिका लागायची. दुसरा भाग. ते संपलं की मामा बॅटरी आणि काठी घेऊन बागेकडे निघायचा. शेजारच्या उसात बिबट्या असतो, खराखुरा, वासरं उचलून नेलीत त्याने. पण मामी बिबट्याचं नाव काढायची नाही, ती म्हणायची, हे असलं बघून एकट्यानं जाऊ नका, पोराला सोबत न्या. मग मी जायचो.

तर हा व्हिडिओ मला तेव्हापासून करायचा होता. नाशिकच्या लोकांनी कोकणातल्या एका वाड्यावर एवढा जीव का लावला, कुणाला त्यातलं कोण आवडलं, आणि कुठला काळ आवडला. कारण मी जिथे जिथे विचारलं तिथे भांडणच झालं, अगदी गोड भांडण, पण भांडणच.

(पडद्यावर: सिडकोतली गल्ली, संध्याकाळ, ओट्यावर बसलेल्या बायका)

आधी ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मालिका तीन भागांत आली. पहिला भाग 2016 साली. त्यात अण्णा नाईक गेलेलेच असतात, म्हणजे गोष्ट सुरूच त्यांच्या जाण्यापासून होते, मुंबईचा मुलगा माधव, त्याची बायको नीलिमा, गावातला दत्ता, सरिता, छाया, धाकटा अभिराम, सगळे वाड्यात जमतात आणि एकेक भानगड बाहेर यायला लागते. दुसरा भाग जानेवारी 2019 ते ऑगस्ट 2020, आणि तो मागे जातो, अण्णा जिवंत असतानाचा काळ. तिसरा 2021 मध्ये, त्यात वाडा ओस पडलेला, माणसं पांगलेली, आणि अण्णा-शेवंता भूत होऊन परत. शूटिंग सावंतवाडीजवळच्या आकेरी गावात, खऱ्या वाड्यात झालं.

आता सिडकोत या. सिडको म्हणजे अंबड आणि सातपूरच्या कंपन्यांत कामाला आलेल्या लोकांनी भरलेलं नाशिक, एका गल्लीत धुळ्याचे, जळगावचे, सिन्नरचे, कोल्हापूरचे, आणि या गल्लीत एक कुडाळच्या काकू. 2016 ला पहिला भाग लागला तेव्हा यांच्या घरी रोज सात-आठ बायका बसायच्या, कारण मालवणी कुणालाच धड कळायचं नाही आणि काकू जाहिरात लागली की सांगायच्या. झील म्हणजे मुलगा. चेडू म्हणजे मुलगी. घो म्हणजे नवरा. खंय म्हणजे कुठे. खान्देशातल्या वहिनी मला म्हणाल्या की पहिले पंधरा दिवस मी नुसती तोंडं बघत होते, मग एक दिवस कळलं की आपल्याला सगळं कळायला लागलंय. आणि ही गोष्ट मला फार मोठी वाटते. टीव्हीवर गावाकडचा माणूस दाखवायचा म्हटलं की बऱ्याचदा तीच एक ठोकळेबाज गावरान भाषा दिली जाते, न चा ण आणि ण चा न केला की झालं गाव तयार. इथे तसं नव्हतं. पटकथा-संवाद लिहिणारे प्रल्हाद कुडतरकर, ते स्वतःच मालिकेत पांडू झालेत, आणि भाषा त्यांच्या घरची असल्यासारखी येते.

पांडूचं नाव काढलं आणि काकूंच्या नातवाने लगेच करून दाखवलं, इसरलंय. तो 2016 ला चार वर्षांचा होता, मालिका त्याने बघितलेली पण नाही धड, पण त्याच्या शाळेत गृहपाठ आणला नाही की पोरं म्हणायची इसरलंय. पांडू विसराळू, काहीतरी महत्त्वाचं सांगायला येतो आणि ऐनवेळी विसरतो, आणि पुढची सगळी भानगड त्या विसरण्यावर उभी राहते. पहिल्या भागाचे जे भक्त आहेत ना, त्यांचा आवडता पांडूच. त्यांचं म्हणणं असं की पहिल्या भागात भीती होती ती न दिसणाऱ्याची होती, रात्री दार वाजलं तर कोण असेल हे माहीत नसायचं, घरातल्या प्रत्येकावर संशय. सिडकोतले हे बहुतेक पहिल्या भागवाले आहेत. सगळ्यांनी एकत्र बसून, अंदाज लावत बघितलंय त्यांनी, रोज सकाळी पाण्याच्या वेळेला नळावर चर्चा, आज कोण.

एक गोष्ट काकूंनी सांगितली ती इथे ठेवतोच. त्या म्हणाल्या, आमच्याकडे तेव्हा लोकांना राग पण आला होता, की कोकण म्हणजे काय नुसती भुतंखेतं आणि करणी आहे का. त्यांच्या भावाने तर बघणं बंद केलं होतं. आणि तरी त्या बघत राहिल्या. का, तर म्हणाल्या, नाशिकमध्ये टीव्हीवर माझ्या आईसारखं बोलणारं दुसरं कुणी नव्हतं ना.

(पडद्यावर: पंचवटी, सकाळ, गंगेवर, म्हणजे गोदावरीवर, कपडे धुणाऱ्या बायका, मागे रामकुंडाकडची गर्दी)

पंचवटीत आलो की पक्ष बदलतो. इथे सगळे दुसऱ्या भागवाले. अण्णा आणि शेवंता. भाजीवाले, दुकानदार, रिक्षावाले, कुणालाही विचारा, त्या वर्षी गणपतीत सुद्धा लोकांच्या तोंडी अण्णा-शेवंताच होते. माधव अभ्यंकर यांचा अण्णा म्हणजे खरं तर अत्यंत वाईट माणूस. जमिनी लाटणारा, बायकांच्या मागे लागणारा, घरात सगळ्यांना पायाखाली ठेवणारा. आणि अपूर्वा नेमळेकरची शेवंता, पाटणकरांची बायको, गजरा, साडी, ती येताना दिसली की माणसं जेवताना हात थांबवायची हे मी डोळ्यांनी बघितलंय. एक रिक्षावाले दादा मला म्हणाले, भो, शेवंताची बाजू पण बघा ना, तिला काय मिळालं शेवटी, अण्णांनी तिला घरात आणली का, बायको म्हणून मान दिला का, नुसतं झुलवलं. दादा एकदम गंभीर होते. त्यांच्या रिक्षात मागे शेवंताचा फोटो होता एक वर्ष, प्रवासी विचारायचे.

मला स्वतःला विचारलं तर माझाही काळ दुसराच, पण कारण वेगळंय. दुसऱ्या भागात शेवट आधीच माहीत असतो. अण्णा मरणार, मुलं अशी अशी होणार, छाया विधवा होऊन घरात बसणार, हे पहिल्या भागात बघून झालेलं. त्यामुळे पुढे काय होणार ही घाई संपते आणि तुम्ही माणसं बघायला लागता. लहान दत्ता दिसला की पोटात कालवतं कारण याचं पुढे काय होणार ते ठाऊक असतं. मालिकेत असं निवांत बघायला फार कमी वेळा मिळतं. वछी आठवा, संजीवनी पाटील यांची वछी, अण्णांनी जिचं सगळं वाटोळं केलं ती, ती दारात उभी राहून जे तळतळाट देते, ते ऐकताना आमच्या गावात बायका कडाकडा बोटं मोडायच्या, तिच्या बाजूने.

आणि माई.

(पडद्यावर: चूल, तवा, भाकरी थापणारे हात. चेहरा दिसत नाही.)

माईंबद्दल मला जरा वेळ घेऊन बोलायचंय. शकुंतला नरे यांनी केलेल्या माई. यांचा फोटो कुणी रिक्षात लावला नाही. पण मी जेवढ्या बायकांशी बोललो, पंचेचाळीसच्या पुढच्या, त्यांना कॅमेरा चालू असताना विचारलं तर शेवंता म्हणाल्या, हसल्या, आणि कॅमेरा बंद केला की माईंवर आल्या. माईंना सगळं माहीत असतं. नवरा कुठे जातो, कुणाकडे जातो, घरी उशिरा का येतो. आणि तरी सकाळी चूल पेटवायची, तुळशीला पाणी घालायचं, ताट वाढायचं, मुलांसमोर नवऱ्याबद्दल वाईट शब्द काढायचा नाही. मग कधीतरी एखाद्या एपिसोडला माई बोलतात. बाकी शंभर एपिसोड गप्प असल्यामुळे ते बोलणं असं लागतं की बस.

माझी आजी एक करायची. अण्णा घरात ओरडायला लागले, माईंवर किंवा पोरांवर, की ती रिमोट घ्यायची आणि आवाज कमी करायची. बंद नाही करायची, चॅनल नाही बदलायची. आवाज अगदी खाली, चित्र चालू, अण्णांचं नुसतं तोंड हलतंय, आणि आजी माईंकडे बघत बसलेली. ओरडणं संपलं की परत आवाज वर. मामा चिडायचा, आई अगं ऐकू दे ना काय म्हणतोय तो. ती म्हणायची, काय म्हनायचाय, मला ठाव हाय.

तेव्हा मला वाटायचं तिला मोठा आवाज सहन होत नाही, वय झालंय.

(पडद्यावर: दिवस. द्राक्षाच्या मांडवाखाली बायका, हातात मग)

हे डिपिंग चाललंय. द्राक्षाचा मणी ज्वारीएवढा-बाजरीएवढा झाला की जीएच्या, म्हणजे मणी फुगवणाऱ्या औषधाच्या, पाण्यात घड बुडवतात, पाण्याचा मग उजव्या हातात धरायचा, घडाखाली न्यायचा, घड पूर्ण बुडवायचा, बाहेर काढला की हलकेच झटकायचा, थेंब राहिला तर डाग पडतो. दिवसभर मान वर. बोलायला तोंड मोकळं असतं म्हणून बागेत सगळ्यात जास्त गप्पा डिपिंगलाच. 2019 चा डिसेंबर मला आठवतो, त्या वर्षी ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पावसाने बागांची पार वाट लावली होती, ज्यांची वाचली ते जिवाच्या आकांताने सांभाळत होते, आणि आमच्या बागेत पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बायका होत्या कामाला. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता इथे, शेडवर राहायच्या. त्यातल्या एकीकडे स्मार्टफोन होता, ती रात्री बघायची आणि सकाळी ओळीत उभं राहिलं की सुरुवातीपासून शेवटपर्यंत एपिसोड सांगायची, आवाज बदलून, अण्णांचा वेगळा, माईंचा वेगळा. हात चालू, मग चालू, घड बुडतोय, झटकतोय आणि शेवंता वाड्याच्या दारात आलीय. मी अजूनपर्यंत तो एपिसोड टीव्हीवर बघितलेला नाही पण मला तो पाठ आहे.

मग त्यांच्यात वाद व्हायचा. एकीला तुझ्यात जीव रंगलाचा राणा आवडायचा. कोल्हापूरजवळच्या वसगड्यात शूटिंग झालेली ती मालिका, 2016 ते 2021 च्या सुरुवातीपर्यंत चालली, हार्दिक जोशीचा राणा आणि अक्षया देवधरच्या पाठकबाई, आणि चालतंय की हा शब्द तर निफाडपासून नांदगावपर्यंत सगळ्यांच्या तोंडात बसला. राणाचे पण काळ आहेत बरं का लोकांचे. तालमीतला, मातीत लोळणारा, पाठकबाईंसमोर शब्द न फुटणारा राणा एक, आणि नंतरचा वर्दीतला राणा एक. मला भेटलेल्यांपैकी वर्दीवाला आवडणारं कुणी सापडलं नाही. राणाच्या वहिनीसाहेब बदलल्या तेव्हा पण लोक हळहळले, धनश्री काडगावकरच्या जागी माधुरी पवार आली. जुन्या वहिनीसाहेबांनी नुसतं बघितलं तरी पुरायचं, असं सिडकोतल्या वहिनी म्हणाल्या.

आणि लागिरं झालं जी. साताऱ्याकडची, 2017 ते 2019, अज्या आणि शीतल, फौजेत जायचं स्वप्न. नाशिकमध्ये देवळाली कॅम्पला लष्कराचं स्कूल ऑफ आर्टिलरी आहे, भगूर-देवळालीकडे फौजेतल्या माणसांची घरं खूप, तिथे ही मालिका घरातली असल्यासारखी बघितली. आवडतं पात्र विचारलं तर अज्या नाही, जिजी. कमल ठोके यांची जिजी. देवळालीतल्या एका घरात मी गेलो होतो, मुलगा सीमेवर, आई म्हणाल्या, जिजी नातवाला रागवायची ना तो राग म्हणजे काळजीच असायची, माझी सासू अशीच होती. नोव्हेंबर 2020 मध्ये कमल ठोके गेल्या त्या दिवशी या माउलीने मुलाला फोन करून सांगितलं, जिजी गेल्या रे. पलीकडून तो काही वेळ बोललाच नाही.

देवमाणूसमधली सरू आजी पण सगळ्यांना हवी असते, ऑगस्ट 2020 ला रात्रीस खेळ चालेचा दुसरा भाग संपला आणि दोनच दिवसांत त्याच वेळेला देवमाणूस सुरू झालं, तर साडेदहाची सवय लागलेले लोक तिकडे गेले. म्हणी, शिव्या, खटकेबाज बोलणं, रुक्मिणी सुतार यांनी ती म्हातारी जशी उभी केली तशी प्रत्येक गावात एक असतेच. पण तो विषय मोठा आहे, वेगळा व्हिडिओ करीन.

मधे कोरोना येऊन गेला. मार्च 2020 ला शूटिंग बंद, जुने एपिसोड परत परत. त्याच महिन्यात आमच्याकडे द्राक्ष तोडणीला आलेली आणि व्यापारी गायब, मार्केट बंद, मामाने अर्धा माल बेदाण्याला टाकला आणि बाकी पिकअपमध्ये भरून नाशिकमध्ये कॉलन्यांत दारोदार विकला. रात्री घरी यायचा तेव्हा टीव्हीवर वर्षभरापूर्वीचा एपिसोड, बघून झालेला. तो तरी बघायचा. एकदा म्हणाला, हेच बरं, याच्यात काय होनार ते माहिती तरी हाय. जुलैत नवीन एपिसोड सुरू झाले तेव्हा आमच्या घरात सणासारखं झालं होतं, मामीने भजी केली होती.

तिसऱ्या भागाबद्दल मी थोडंच बोलणार. मार्चमध्ये सुरू झाला, दुसऱ्या लाटेत थांबला, ऑगस्टमध्ये परत आला ते अकराच्या वेळेला. मग शेवंता बदलली, अपूर्वा नेमळेकर गेली, कृतिका तुळसकर आली. कृतिकाने मेहनत केली, तिला नावं ठेवायची नाहीत मला. पण अण्णा भूत झाल्यावर त्यांची भीती कमी झाली, हे माझं स्पष्ट मत. जिवंत अण्णा जेवणाच्या ताटावर बसलेले असताना सगळं घर जसं श्वास धरून असायचं तसं भुताने नाही जमलं. पंचवटीतले रिक्षावाले दादा पण हेच म्हणाले, फोटो त्यांनी तेव्हाच काढला.

(पडद्यावर: पिंपळगावचं मार्केट, टोमॅटोचे क्रेट, लिलावाचा आवाज)

आणि हे सगळं शूट करत फिरताना माझ्या मनात एकच चाललं होतं. कोल्हापूरचा राणा आम्ही घेतला, साताऱ्याची जिजी घेतली, मालवणीतले अण्णा-माई घेतले, त्यांची भाषा शिकलो. आता मला टीव्हीवर गोदाकाठ बघायचाय. पिंपळगावच्या लिलावात भाव पाडला म्हणून व्यापाऱ्याशी भांडणारी एखादी बाई बघायचीय. काय करून ऱ्हायला रे भो, असं म्हणणारा हिरो बघायचाय. सटाण्याकडची अहिराणी बोलणारी सासू आणि निफाडची सून, दोघींचं एकमेकींना कळत नाही आणि सगळं कळतं. छाटणीपासून तोडणीपर्यंत एक हंगाम, मधे गारपीट. मामाला सांगितलं तर तो म्हणाला, गारपिटीचा एपिसोड आपन नाय बघनार, बाकीचं बघू.

आजीचं सांगायचं राहिलं.

2022 च्या उन्हाळ्यात, खरड छाटणीच्या वेळेला, मी तिला हाच प्रश्न विचारला, मोबाईल चालू ठेवून. तुझं आवडतं पात्र कोण. ती म्हणाली, ती म्हातारी. माई का? हां, माई. का आवडते? तिने खूप वेळ उत्तर दिलं नाही, गहू निवडत होती, सुपात बोटं फिरत होती. मग म्हणाली, आमचे मामंजी असेच वरडायचे. जेवायला बसले की. भाजीत मीठ कमी, भाकर जाड, काय बी. तुझी पणजी चुलीपुढं अशी बसायची, माईवानी, आन मी तिच्या मागं. नवीन लगीन झालेलं माझं, चौदा वर्साची. म्हातारी मागं हात करून माझा हात धरून ठेवायची, ते वरडनं संपस्तोवर.

मी विचारलं, मग तू आवाज का कमी करायचीस?

म्हणाली, तवा कुठं करता येत व्हता.

(पडद्यावर: रिमोट, जवळून.)

हा त्या घरातला रिमोट. टीव्ही नंतर बदलला, मामीने हा फेकला नाही, देवळीत ठेवलाय. बाकी सगळी बटणं ठीक आहेत, आकडे वाचता येतात. हे एक बघा, आवाज कमी करायचं. त्याच्यावरची खूण पूर्ण गेलीय, रबर खाली दबलंय, अंगठ्याएवढं.